बर्फाला आठ इंचांचं भोक

बर्फात भोक कुठल्या यंत्राने पाडावं, या विषयावर ओटरटूथ तळ्याच्या पंचक्रोशीत माझ्याइतका अभ्यास कुणाचाही नाही! हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. अभ्यास वेगळा आणि भोक वेगळं, एवढंच काय ते नंतर लक्षात आलं.

सुरुवात माझ्या सासऱ्यांच्या खांद्यापासून झाली. सासरे म्हणजे एइनो लाहटी, वय एकोणऐंशी. साठ हिवाळे या माणसाने हाताने गिरमिट फिरवून बर्फ भोसकला आणि खालून वॉलआय मासे उपसले. ऑक्टोबरात खांद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी फर्मान काढलं, गिरमिटाला हात लावायचा नाही! झालं. म्हातारा आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत खुर्ची टाकून तळ्याकडे बघत बसला. आधी दिवसाला मोजून बारा शब्द बोलायचे, ते चारावर आले. त्यातले दोन ‘कॉफी’ आणि ‘नको’.

एक दिवस माझी बायको डार्लिस मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘‘व्हर्लिन, पप्पांचं असं बसणं मला बघवत नाही. बॅटरीवरचं एखादं गिरमिट बघ ना. भोक तू पाड, मासे ते धरतील. झेपेल तुला?’’

झेपेल? मला? मी गावच्या ग्रंथालयात तेवीस वर्षं काढलीत! जगात असा विषय नाही जो वाचून झेपत नाही!

वाचायला बसलो. पाच आठवडे वाचलं. एक्केचाळीस पानांची वही भरली. सहा इंची पातं की आठ इंची? बॅटरी केवढी? उणे वीसमध्ये ती किती भोकं टिकते? आणि सगळ्यात मोठा वाद म्हणजे, मोटर आणि पातं जोडूनच येणारं अख्खं यंत्र घ्यावं, की घरातल्या ड्रिलला खाली नुसतं लांब गिरमिट जोडावं? अख्ख्या यंत्राचे भक्त आणि ड्रिलचे भक्त एकमेकांचं तोंड बघत नाहीत. दोन्ही बाजूंचं साहित्य वाचून मी न्यायाधीशासारखा निकाल दिला. ड्रिल! कारण वजन. हलकं ते उत्तम!

‘‘पण ड्रिल आहे कुठे तुझ्याकडे?’’ गळ आणि गळाचं आमिष विकणाऱ्या ऑर्लोने दुकानात विचारलं.

‘‘घरात आहे.’’

‘‘घरात आहे ते डार्लिसचं आहे.’’

लहान गावाचा हा त्रास. आमच्या घरात खिळा ठोकणं, नळ दुरुस्त करणं, छपरावर चढणं ही खाती डार्लिसकडे आहेत. त्या महिन्यात ती स्वयंपाकघराची कपाटं नव्याने बसवत होती आणि ते ड्रिल ती मुलासारखं जपत होती. मागितलं असतं तर दिलं नसतं. म्हणून मागितलं नाही. सरळ हिशोब!

ऑर्लोने गिरमिट बांधून दिलं आणि वर एक ताटाएवढी प्लास्टिकची चकती ठेवली. ‘‘ही वरती अडकव. हातातून सुटलं तर भोकावर अडकतं, खाली जात नाही.’’

‘‘किती वजन?’’

‘‘अरे, पाव किलो नसेल!’’

‘‘मग राहू दे. ती नवशिक्यांसाठी.’’

ऑर्लो माझ्याकडे बघत राहिला. डॉक्टर सिगरेट ओढणाऱ्या पेशंटकडे बघतो ना, तसा!

शनिवार उजाडला. उणे बावीस. डार्लिस सकाळीच अग्निशमन केंद्रावर गेली. ती तिथली स्वयंसेवक आहे आणि त्या दिवशी त्यांचा सराव होता. तिची गाडी वळणाआड गेली रे गेली, मी ड्रिल उचललं. बाजूची मूठ काढून टाकली. वजन! बॅटरी गारठू नये म्हणून शर्टाच्या आत छातीशी धरली. तीन चार्जर घेतले. फोन तेवढा घरी राहिला.

‘‘पप्पा, चला!’’

‘‘नको,’’ पप्पा म्हणाले. पण बूट घातले.

तळ्यावर दीड फूट बर्फ. पन्नास पावलांवर गुडरुन स्टेनविकची निळी झोपडी, धुराडं चालू. गुडरुनबाई हिवाळाभर तिथेच असतात. मासे कमी धरतात, बातम्या जास्त! मी पप्पांना उलट्या बादलीवर बसवलं, कॉफीचा फ्लास्क हातात दिला, ड्रिलला गिरमिट जोडलं, बॅटरी लावली आणि खटका दाबला.

गिरमिट फिरलं नाही. मी फिरलो!

पात्याने बर्फात दात रोवले आणि ड्रिलने मला वरच्यावर उचलून अर्धी गिरकी दिली. लग्नात काकूंना नाचवतात तशी! मी बर्फावर पालथा, टोपी एकीकडे, चष्मा दुसरीकडे.

‘‘पहिला गिअर,’’ पप्पा म्हणाले.

‘‘काय?’’

‘‘जोराच्या गिअरवर आहे. पहिल्यात टाक.’’

एका दमात पाच शब्द! मला भरून आलं. वहीत हे कुठेच नव्हतं, तरी मी पहिल्या गिअरमध्ये टाकलं. आणि काय सांगू! गिरमिट लोण्यात शिरावं तसं शिरलं. बर्फाचा भुसा भसाभस वर! वीस सेकंदांत आरपार, खालून पाणी उसळलं, आणि पप्पांच्या ओठांचा एक कोपरा वर गेला. हसले! तीन महिन्यांत पहिल्यांदा!

मला राहवलं नाही. ‘‘बघितलंत?’’ असं ओरडून मी दोन्ही हात आकाशाकडे उंचावले.

दोन्ही.

डुब्.

एवढाच आवाज. गिरमिट गेलं, त्यामागून ड्रिल गेलं, बॅटरीचा लाल दिवा हिरव्या पाण्यात खोल खोल गेला आणि विझला. पाणी वीस फूट. माझ्या डोळ्यांसमोर ड्रिल नव्हतं, डार्लिसचा चेहरा होता! मी भोकाशी आडवा झालो, पाण्यात तोंड घालून टाहो फोडला, ‘‘डार्लिस! अरे देवा, डार्लिस! काय करून बसलो मी!’’

निळ्या झोपडीचं दार धाडकन उघडलं. फोन कानाला लावलेल्या गुडरुनबाई ओरडत होत्या, ‘‘ओटरटूथ तळं! डार्लिस पाण्यात गेली! लवकर या!’’ मग हातात दोर घेऊन धावत आल्या. सत्तरीची बाई, पण पायांत नुसतं वारं!

‘‘कुठे? कुठे गेली?’’

‘‘इथूनच! सरळ खाली!’’ मी हुंदका दिला.

‘‘कधी?’’

‘‘आत्ता! हात सुटला माझा!’’

‘‘बापरे!’’ गुडरुनबाईंनी दोर सोडवायला घेतला, भोकाकडे बघितलं आणि थांबल्या. पुन्हा बघितलं. मग हळूच विचारलं, ‘‘व्हर्लिन... इथून? डार्लिस अलीकडे फारच बारीक झाली होती का रे?’’

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ‘‘डार्लिस नाही हो! डार्लिसचं ड्रिल!’’

‘‘ड्रिल?’’

‘‘ड्रिल!’’

‘‘आणि तू त्याच्यासाठी असा रडतोस? माझा नवरा गेला तेव्हा मी एवढी रडले नाही!’’

‘‘तुम्ही आधी फोन करा, कुणी येऊ नका म्हणून सांगा!’’

गुडरुनबाईंनी फोन काढला. थंडीने तो केव्हाच मान टाकून बसला होता. माझा फोन घरी. पप्पांकडे फोन कधी नव्हताच. किनाऱ्यावरून भोंगे ऐकू येऊ लागले. एक नाही, तीन!

‘‘पप्पा, काय करू?’’

‘‘बाजूला हो,’’ पप्पा म्हणाले. ‘‘भोक चांगलंय.’’ आणि गळ सोडला.

दोन बर्फगाड्या धुरळा उडवत आल्या. मागे घसरगाडीवर होडी, शिड्या, घोंगड्या. नारिंगी पोशाखातली सहा माणसं उतरली. सगळ्यात पुढे डार्लिस.

केंद्रप्रमुख टॉरकेल तिच्यामागून येत म्हणाला, ‘‘कोण बुडालंय?’’

‘‘मीच,’’ डार्लिस म्हणाली. ‘‘वायरलेसवर तुम्हीच तर सांगितलंत.’’

‘‘ते मी ऐकलं. पण तू माझ्यासमोर पॅनकेक खात होतीस!’’

‘‘म्हणूनच तर घाबरले. मी नाही, तर मग पाण्यात दुसरं कोण गेलं?’’ एवढं बोलून ती माझ्याकडे न बघता सरळ पप्पांपाशी गेली. त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली, त्यांचे हातमोजे काढले, दोन्ही हात आपल्या हातांत धरून बघितले. हात गरम होते. तिने मोठा श्वास सोडला, आणि पोशाखाच्या बाहीने नाक पुसलं. मला तोंड लपवायला जागा नव्हती. आठ इंचांच्या भोकात मी मावत नाही.

‘‘तू कशाला रडतेस?’’ पप्पांनी विचारलं. ‘‘मासा लागतोय, हात सोड.’’

मासा खरंच लागला. पप्पांनी चांगल्या खांद्याने दोरी ओढली आणि हातभर वॉलआय बर्फावर फडफडला. सहाही जवानांनी टाळ्या वाजवल्या! आणि पप्पा खो खो हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला. ‘‘भोकातून...’’ ते गुडरुनबाईंकडे बोट दाखवत म्हणाले, ‘‘बारीक झाली होती का म्हणे!’’ पुन्हा ठसका! सहाजणांसमोर त्यांनी अख्खी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. माझ्या गिरकीसकट. अभिनयासकट! मी लग्नानंतरच्या एकोणीस वर्षांत त्यांचं एवढं बोलणं ऐकलं नव्हतं.

मग डार्लिस उठली.

‘‘कुठलं ड्रिल?’’

मी बुटांकडे बघितलं.

‘‘व्हर्लिन. कुठलं ड्रिल?’’

‘‘हलकं होतं,’’ मी म्हणालो.

टॉरकेल भला माणूस. आलोच आहोत तर सराव करू, असं म्हणून त्याने जरा लांब दुसरं भोक पाडलं. पप्पांनी पहिल्या भोकाला हात लावू दिला नाही, मासे पळतील म्हणून. अर्धा तास दोराला मोठं चुंबक बांधून सहा माणसांनी तळ चाळला, आणि शेवटी चिखलाने माखलेलं ड्रिल वर आलं. डार्लिसने बॅटरी काढली. आतून पाण्याची धार लागली आणि धारेबरोबर एक छोटा मासाही बाहेर पडला.

‘‘कपाटाची तीन दारं राहिलीत अजून,’’ ती म्हणाली. बस्स, एवढंच. ती ओरडली असती तर बरं झालं असतं!

आता पप्पा रोज तळ्यावर जातात. डार्लिसने स्वतः जाऊन मोटर आणि पातं जोडूनच येणारं अख्खं यंत्र आणलं. दुकानात दहा मिनिटं लागली तिला. वही वाचली नाही.

गेल्या आठवड्यात मात्र टॉरकेलचं पत्र आलं. अग्निशमन केंद्राच्या वार्षिक सुरक्षा मेळाव्यात ‘बर्फावरची यंत्रे’ या विषयावर पाहुणा म्हणून येशील का? मी डार्लिसला पत्र नाचवून दाखवलं. शेवटी अभ्यासाची कदर झाली! भाषण लिहिलं, कोटाला इस्त्री केली, तासभर आधी पोचलो. दारावर माझा मोठा फोटो होता. खाली लिहिलं होतं, ‘असं करू नका.’

भाषण मी तरीही केलं. डोनट छान होते.