तात्यांची ट्रायल

आमच्या मजल्यावरचे तात्या राणे दर महिना-दोन महिन्यांनी आपला ई-मेलचा प्रोग्राम बदलतात. माणसं चष्म्याचा नंबर वाढला तरी जुनाच चष्मा वापरतात. तात्यांना धडधाकट प्रोग्रामही खुपतो.

तात्या लालबागच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, जॉबर होते; बिघडलेला साचा चालू करून द्यायचे. मोठा संप झाला, गिरणी गेली, तात्यांचे हात मात्र गप्प बसेनात. चाळीतले मिक्सर झाले, पंखे झाले. माझ्या ऑफिसातून भंगारात निघालेला कॉम्प्युटर मी त्यांना आणून दिला, तर त्यातलं विंडोज काढून त्यांनी मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून लिनक्स चढवलं. का, तर म्हणाले, "ह्याच्यात एका कामाक धा प्रोग्राम मिळतत गो बाय. एक आवडलो नाय तर दुसरो."

आणि तात्यांना एकही आवडत नाही. पहिला उघडायलाच वेळ लावायचा. "आळशी बदली कामगार" ठरून गेला. दुसरा मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दाखवायचा. तिसरा काळ्या पडद्याचा, त्यात माऊससुद्धा चालेना. तो तात्यांना पसंत पडला म्हणून मी सुटकेचा निःश्वास टाकला, तर पंधरवड्यात तोही गेला. कारण काय, तर "उदास दिसता."

नवा प्रोग्राम बसला की ट्रायल. "ट्रायल घेतल्याशिवाय साचो सोडूचो नाय," हे गिरणीतलं ब्रीद. ट्रायलचं पत्र दोघांनाच जातं: मला आणि मस्कतला एसी दुरुस्त करणाऱ्या विलासला. विलास त्यांचा मुलगा. संपात त्याचं कॉलेज सुटलं. बाकीचे कामगार हळूहळू कामावर परतले, तात्या शेवटपर्यंत गेले नाहीत, हे त्याने मनात धरलं. फोनवर तो आईशीच बोलायचा. ती गेल्यापासून फोनही येत नाही.

मला ऑफिसात कामाच्या गर्दीत "ट्रायल. मिळाली काय?" वाचायला सवड नसते. शेवटी एका रविवारी मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले.

"तात्या, आज काय तो एकच ठरवा. मग बदलायचं नाही."

एक खरंच चांगला निघाला. झटपट उघडणारा, मराठी नीट, अक्षर मोठं.

"काढा खोट," मी म्हटलं.

तात्यांनी सगळी बटणं दाबून पाहिली. खोट निघेना. "बरो हा," म्हणाले, पण तोंड उतरलं.

"आता काय झालं?"

"ह्योच ठेवलो तर ट्रायल कसली घेऊ?"

"घेऊ नका. सरळ पत्र लिहा विलासला."

"लिवलंय. गणपतीक लिवलंय, त्याच्या आवशीच्या वर्षश्राद्धाक लिवलंय. साध्या पत्राक तो उत्तर देणा नाय गो. ट्रायलीक देता. 'मिळाली', तितक्याच. मशीनचो माणूस तो. ट्रायल अर्धी सोडवणा नाय त्याका."

मी घरी आले आणि भाजी फोडणीला टाकली.

बुधवारी ऑफिसातून येताना त्यांच्या दारात थांबले. "तात्या, त्या प्रोग्राममधून तुम्ही धाडलेलं पत्र मला नीट दिसत नाही."

"तुका मी पत्र खंय धाडलंय?"

"बघा म्हणजे किती बिघडलाय. पोचलंच नाही."

तात्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग माळ्यावरचा सीडींचा डबा खाली काढला. "बदलूक व्हयो मगे."

"बदलाच."

दुसऱ्या दिवशी ट्रायल आली. हातातली फाईल बाजूला सारून मी "मिळाली" लिहिलं. संध्याकाळी परतले तर तात्या जिन्यातच उभे. विलासचंही उत्तर आलं होतं.

"'मिळाली' म्हणता. आणि म्हणता, 'आता कुठला बसवला?'" तात्या कठडा धरून म्हणाले. "काय लिवू गो?"

"विचारलंय ते सांगा."

ते आत जाऊन बसले. एकेक बोट उचलून टाईप करत राहिले. कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता. शेवटी त्यांचा गॅस मीच बंद केला.