वादळ प्लास्टरमध्ये

प्लास्टर आवळायला लागलं तेव्हा वादळ रेडिओवर स्वतःची स्तुती करत होता, आणि ती अजून निम्मीही झालेली नव्हती.

तो शिल्पकाराच्या खोलीत एका लाकडी फळीवर उभा होता. डावा पाय पुढे, उजवा मागे, गुडघे किंचित वाकलेले आणि दोन्ही पाय मांडीच्या मध्यापर्यंत पांढऱ्या लगद्यात. चारशे मीटरच्या शर्यतीत गेली सात वर्षं त्याला कोणी हरवलं नव्हतं. 'वादळ' हे नाव आपल्याला वर्तमानपत्रांनी दिलं असं तो सांगे. वर्तमानपत्रांना ते त्यानेच दिलं होतं. आता स्टेडियममध्ये त्याचा पुतळा बसणार होता आणि पुतळ्याखाली काय कोरायचं तेही त्यानेच ठरवून दिलं होतं: 'आजवरचा सर्वश्रेष्ठ'. संघटनेच्या सचिवांनी 'आजवरच्या श्रेष्ठांपैकी एक' असं सुचवून पाहिलं.

"पैकी म्हणजे?" वादळने विचारलं. "बाकीचे कोण?"

सचिवांना एकही नाव घ्यायचा धीर झाला नाही.

पायांचा साचा घ्यायची एक रीत असते. आधी पायांना भरपूर तेल चोपडतात. मग पायाच्या दोन्ही बाजूंनी एक मजबूत दोरा चिकटवून वर प्लास्टर थापतात. प्लास्टर घट्ट व्हायला लागलं, पण अजून दगड झालेलं नाही, अशा नेमक्या वेळी तो दोरा ओढला की साचा दोन भागांत कापला जातो आणि पाय अलगद बाहेर येतात. ही वेळ फार थोडी असते. यातलं तेल वादळने सुरुवातीलाच उडवून लावलं होतं. "शर्यतीच्या दिवशी मी पायांना निसरडं काही लावत नाही," असा त्याचा नियम होता. उरला दोरा. तो शिल्पकाराने दोन्ही हातांत धरून ठेवला होता आणि समोर मुलाखत चालू होती.

"म्हणजे सर, आजवरच्या सगळ्या धावपटूंमध्ये तुम्हीच..." फोनमधून निवेदिका म्हणाली.

"मी कशाला बोलू? मी बोललो तर लोक म्हणणार, हा स्वतःच बोलतो. पण दुसरं कोणी बोलतच नाही ना! म्हणून मला बोलावं लागतं."

"साहेब," शिल्पकार हळूच म्हणाला, "दोरा ओढू का?"

वादळने फोनवरचं बोलणं न थांबवता हात वर केला. शिल्पकाराने दोरा तसाच धरून ठेवला. त्या बिचाऱ्याची उमेदीची सगळी वर्षं बागेतल्या कारंज्यांसाठी बेडूक घडवण्यात गेली होती. माणूस करायला मिळाला तो हा पहिलाच, आणि तोही एवढा मोठा. मोठ्या माणसाचं बोलणं मध्येच तोडायचं म्हणजे त्याच्या अंगावर काटा यायचा.

"आणि आज संध्याकाळची अंतिम शर्यत, सर? तो बारक्या म्हणून नवा मुलगा..."

"कोण?"

"बारक्या."

"ऐकलं नाही नाव." हे नावही वादळनेच ठेवलेलं होतं. "मागच्या महिन्यात माझ्या मागे एक पोरगं पळत होतं खरं. मला वाटलं, सही मागायला आलंय."

"पण लोक म्हणतात की तुम्ही त्याला घाबरून..."

"साहेब, जरा घाई आहे," शिल्पकार कळवळून म्हणाला. वादळने दुसरा हातही वर केला आणि फोन मानेत धरला.

"हे बघा ताई. पाच वाजता मी ट्रॅकवर दिसेन. नाही दिसलो, तर खुशाल म्हणा, वादळ घाबरला! आता मी पहिला विक्रम कसा केला ते सांगतो..."

पहिल्या विक्रमानंतर दुसरा आला, दुसऱ्यानंतर वाऱ्याच्या दिशेमुळे हुकलेला तिसरा. फोन खाली ठेवून वादळने प्रसन्न मुद्रेने विचारलं, "हं, काय म्हणत होता तुम्ही?"

शिल्पकाराने दोरा ओढला. दोरा तुटला.

"काही नाही," तो म्हणाला. "आता राहू द्या."

त्यानंतर पाच मिनिटं त्या खोलीत जे चाललं ते शेजारच्या इमारतीपर्यंत ऐकू गेलं. वादळने पाय खेचून पाहिले, तेव्हा तेलाविना राहिलेले पायांवरचे केस आतून एकेक करून त्याचा निरोप घ्यायला लागले. शिल्पकाराने छिन्नी आणि हातोडी आणली.

"लांब! लांब व्हा!" वादळ किंचाळला. "या मांड्या देशाची संपत्ती आहेत!"

"मग देशाच्या मांडीवर मी कसा घाव घालू, साहेब?"

हातोडी हिसकावून घेण्यासाठी वादळ जोरात झुकला. हातोडी मिळाली नाही, पण डोक्यावरच्या फळीला धक्का बसला आणि तिथली कोरड्या प्लास्टरची पिशवी त्याच्यावर उपडी झाली. तो घामाने निथळत होताच. भुकटी कपाळापासून बनियनपर्यंत अशी काही बसली की शिल्पकार क्षणभर सगळं विसरून दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला, "काय सुंदर दिसताय हो!"

शेवटी वादळच्या बायकोला फोन गेला. ती तिच्या भावाला आणि त्याच्या टेम्पोला घेऊन आली. भावाचं गाद्यांचं दुकान होतं आणि जगातल्या कुठल्याही प्रसंगाकडे तो वाहतुकीचा प्रश्न म्हणून बघायचा.

"अहो, हे काय करून घेतलंत?" बायको म्हणाली.

"मी काही केलं नाही. मी मुलाखत देत होतो."

"तेच म्हणतेय मी."

"ताई, स्टेडियममधल्या डॉक्टरांकडे प्लास्टर कापायचं मशीन असतं," मेहुणा म्हणाला. "अर्ध्या तासात पोचवतो. भाऊजी, तुम्हाला आडवं करतो आणि वरून दोन गाद्या टाकतो. कोणाला दिसणार नाही."

"मी आडवा होऊन स्टेडियममध्ये जाणार नाही!" वादळ गरजला. "आडवे हरलेले जातात. मी उभा जाईन."

त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही हे बायको लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातच शिकली होती. तिघांनी मिळून त्याला फळीसकट उचललं, टेम्पोत उभा केला आणि चारी बाजूंनी दोऱ्यांनी आवळून बांधला. बायको आणि शिल्पकार पुढे मेहुण्याजवळ बसले. मागे उघड्या टेम्पोत, भर रस्त्यातून, आजवरचा सर्वश्रेष्ठ धावपटू धावण्याच्या पवित्र्यात ताशी वीस किलोमीटर वेगाने निघाला.

पहिल्या सिग्नललाच माणसं जमली. लोक ओळखणार, उद्या फोटो छापून येणार, हे वादळच्या ध्यानात आलं. त्याने चटकन श्वास रोखला, नजर समोर लावली आणि तो पुतळा झाला.

"कोणाचा आहे हो हा?" स्कूटरवरच्या एका गृहस्थांनी विचारलं.

"तो पळणारा नाही का," त्यांची बायको म्हणाली. "काय बरं नाव त्याचं?"

"बारक्या?"

"नाही हो, तो जुना."

'जुना' हा शब्द वादळच्या कानातून शिरला आणि थेट काळजाला लागला. पण पापणी हलवायची सोय नव्हती.

"चेहरा नाही जमला," गृहस्थ म्हणाले. "टीव्हीवर एवढा तिरसट दिसत नाही."

"आणि पोट जरा जास्तच दाखवलंय."

"पळणाऱ्याला पोट असतं का कुठे? करणाऱ्याला काही कळत नसणार. बेडूकबिडूक करत असेल."

पुढे बसलेल्या शिल्पकाराने खिडकीची काच वर केली. सिग्नल एकदाचा हिरवा झाला आणि वादळने रोखलेला श्वास सोडला. पोट आणखी थोडं पुढे आलं.

स्टेडियमच्या खेळाडूंच्या दारावर रखवालदाराने टेम्पो अडवला. "पुतळे मागच्या दाराने," तो म्हणाला. बायको खरं काय ते सांगणार होती, पण तिथे चार कॅमेरावाले उभे होते आणि टेम्पोतून दात आवळलेल्या आवाजात "सांगू नकोस, सांगू नकोस" असं ऐकू येत होतं. टेम्पो मागच्या दाराशी गेला. बायको डॉक्टरांना शोधायला पळाली. मेहुण्याला कोणीतरी गाडी हलवायला सांगितलं.

"भाऊजींना खाली घेतल्याशिवाय कशी हलवू?" तो म्हणाला.

हे ऐकणारी चार माणसं संघटनेचीच होती. त्यांनी 'भाऊजी' कोण वगैरे विचारलं नाही. पुतळा यायचा होता, पुतळा आला. त्यांनी दोऱ्या सोडल्या, "हळू रे, नाक सांभाळ" म्हणत फळी उचलली आणि ट्रॅकच्या कडेला बांधून ठेवलेल्या चौथऱ्यावर वादळला नेऊन उभं केलं. सचिव धावत आले.

"वा! दोन आठवडे आधीच आणलात?" त्यांनी शिल्पकाराचे दोन्ही हात धरले. "अहो, काय हुबेहूब! तोच आढ्यतेखोर चेहरा! तुमच्यासारखा कलावंत मी उभ्या जन्मात पाहिला नाही."

शिल्पकाराने तोंड उघडलं. सांगायचं होतं त्याला. पण इतक्या वर्षांत त्याच्या एकाही बेडकाबद्दल कोणी असं बोललं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले आणि तो नुसताच "आभारी आहे" म्हणाला.

"आजच अनावरण करून टाकू! शर्यत झाली की लगेच!" सचिव म्हणाले आणि वादळवर एक मोठं निळं कापड पडलं.

त्या कापडाच्या आत वादळने काय सोसलं ते त्यालाच ठाऊक. ओरडावं, तर चौथऱ्याभोवती कॅमेरे. गप्प राहावं, तर शर्यत. तो घडाघडा बोलून आयुष्य जगलेला माणूस, आणि आज त्याला तोंड उघडता येत नव्हतं. ध्वनिवर्धकावर त्याचं नाव पुकारलं गेलं. दुसऱ्यांदा पुकारलं गेलं. तिसऱ्या वेळी लोकांमधून आवाज उठला, "घाबरला! घाबरला!" आणि बघता बघता सगळं स्टेडियम टाळ्यांच्या तालावर ते म्हणायला लागलं. रेडिओ बऱ्याच जणांनी ऐकलेला दिसत होता.

पिस्तूल वाजलं. आपल्याशिवाय सुटलेली शर्यत वादळने आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. पावलांचा आवाज त्याच्या अगदी जवळून गेला, आणि त्या आवाजावरूनच त्याला कळलं की पुढचा पळणारा फार चांगला पळतोय. त्याला वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं. थोड्या वेळाने निवेदकाचा आवाज फाटला. बारक्या पहिला आला होता आणि वादळचा विक्रम मोडीत निघाला होता.

"आता विजेत्याच्या हस्ते अनावरण," सचिव म्हणाले. "हं, बोल रे. आज आजवरचा सर्वश्रेष्ठ कोण, तूच सांग!"

बारक्या अजून धापा टाकत होता. "सर्वश्रेष्ठ हेच," तो माइकमध्ये म्हणाला. "मी यांचंच बघून पळायला शिकलो. आणि मघाशी जे ओरडत होते ना, त्यांना सांगतो. हा माणूस घाबरणारा नाही. काहीतरी अडचण आली असणार. ते आज पळाले असते, तर मी दुसरा आलो असतो."

स्टेडियममध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. कापडाच्या आत वादळने 'सर्वश्रेष्ठ हेच' मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. तो हे वाक्य गेली सात वर्षं स्वतः बोलत होता, आणि एकाही वेळी ते इतकं गोड लागलं नव्हतं.

कापड सरकलं. लोकांनी "वा वा" केलं. पहिल्या रांगेतल्या एका बाई म्हणाल्या, "डोळ्यांत पाणीसुद्धा दाखवलंय बघा." हार घालायला बारक्या चौथऱ्यावर चढला, जवळ आला आणि जागच्या जागी थिजला.

"दादा?" तो पुटपुटला. "तुम्ही?"

"हसत राहा," वादळ ओठ न हलवता म्हणाला. "कॅमेरे आहेत. विक्रम किती फरकाने मोडलास?"

"थोडासाच, दादा. चुकून."

"मग माइकवर खोटं का बोललास? खरं सांग, मी पळालो असतो तर कोण पहिला आला असता?"

बारक्याने हार घातला आणि नम्रपणे मान खाली घातली. "मीच, दादा. पण समोर पुतळा होता ना. पुतळ्याबद्दल चांगलंच बोलायचं असतं."

वादळने एकवार स्टेडियमभर नजर फिरवली. सगळे त्याच्याकडे कौतुकाने बघत होते. सगळे फार प्रेमाने आणि फार आदराने बघत होते, आणि पुढच्या शर्यतीची तारीख त्याला कोणीही विचारत नव्हतं.

"मला खाली उतरवा!" पुतळा अचानक साऱ्या स्टेडियमला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला. "मला पुतळा नको! मला पळायचंय! परत घ्या शर्यत!"

पहिल्या तीन रांगा खुर्च्यांसकट उलथल्या. हार घेऊन उभ्या असलेल्या दोन बाया एकमेकींच्या अंगावर पडल्या. आणि सचिव, जे पन्नाशी ओलांडल्यापासून जिनासुद्धा टप्प्याटप्प्याने चढत, ते चौथऱ्याजवळून जे सुटले ते ट्रॅकची अख्खी चारशे मीटरची फेरी मारून पुन्हा चौथऱ्यापाशीच येऊन कोसळले.

एवढ्यात बायको डॉक्टरांना घेऊन आली. डॉक्टरांनी मशीन चालवलं, प्लास्टर तडकलं आणि वादळचे लालबुंद, गुळगुळीत पाय एकदाचे मोकळे झाले. बायकोने त्याला खांद्याला धरून खाली बसवलं, तोंड पुसलं, पाणी पाजलं.

"बरं वाटतंय ना?" तिने विचारलं.

वादळ धापा टाकणाऱ्या सचिवांकडे बघत होता. त्याच्या कपाळावर आठी पडली. त्याने बारक्याला जवळ ओढलं आणि हळूच विचारलं, "यांची वेळ कोणी मोजली नव्हती ना रे?"