नत्थूजींचा अर्थ

नत्थूजी कोणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की बसायच्या आधी विचारायचे, "तुमच्या घरात अर्थ आहे का?"

समोरचा माणूस गोंधळायचा. प्लांटमधले एक हेडक्लार्क होते, रोज गीता वाचणारे. त्यांना वाटलं, आता काही ज्ञानाची चर्चा होणार. ते म्हणाले, "अर्थ आपण शोधायचा असतो, नत्थूजी." नत्थूजी म्हणाले, "मंग चला, मीटर कुठी आहे?" आणि अर्धा तास बॅटरी घेऊन त्यांच्या पलंगाखाली हिंडले. बाहेर येऊन, पाच पाहुण्यांसमोर सांगितलं, "या घरात काई अर्थ नाही, साहेब." त्या घरातून पुन्हा बोलावणं आलं नाही.

अर्थ म्हणजे अर्थिंग. कुठे वीज गळाली तर ती जमिनीत नेऊन सोडणारी तार. नत्थूजी प्लांटमध्ये वायरमन होते, त्याआधी नागपूर बाजूला रेल्वेत. तेव्हा भिलाईचा कारखाना उभा राहत होता. माणसं जास्त, क्वार्टर कमी. म्हणून आम्ही आणि ते पावर हाउस नावाच्या वस्तीत, बाजारामागे एका जुन्या कवेलूच्या, म्हणजे कौलारू, घरात भाड्याने राहत होतो. आमच्या दोन खोल्या, त्यांची एक, अंगण एक, हातपंप एक. मालकीण छत्तीसगढी म्हातारी, मागच्या खोलीत राहायची. तिला सगळे दाई म्हणत, म्हणजे आई.

माणूस निर्मळ, पण तऱ्हेवाईक. लोखंडाला, पितळेला आधी उलट्या हाताने शिवायचे. सरळ हात करंटला चिकटतो, उलटा झटकला जातो, असं त्यांचं म्हणणं. माझ्या हातातला चहाचा पेलासुद्धा आधी उलट्या हाताने तपासून घेतला. रबराच्या चपला तर जेवतानाही काढत नसत.

मी म्हटलं, "नत्थूजी, चपला बाहेर."

"वैनी, जमीन सारवलेली आहे तुमची. ओली आहे."

"मग ओसरीवर बसा."

बसले ओसरीवर, चपलांसकट. वाढायला मलाच बाहेर जावं लागलं.

हे अर्थाचं वेड त्यांना आधीपासून नव्हतं. ते लागलं त्यांची बायको परत गेल्यावर.

त्या घराची अर्थिंगची तार कोण्या शहाण्याने हातपंपाच्या पाइपाला गुंडाळून ठेवली होती. पावसाळ्यात काही कळायचं नाही. उन्हाळ्यात जमीन सुकून पाणी खोल गेलं की गळलेली वीज जिरायची नाही आणि पंप चावायचा. आम्ही दांड्याला फडकं गुंडाळून पाणी भरायचो. नत्थूजी आमच्यानंतर आले. फेब्रुवारीत त्यांनी खोली घेतली आणि एप्रिलमध्ये काटोलहून बायकोला, गिरजाबाईला, आणलं. फडक्याचं तिला कोणी सांगितलं नाही. मीही नाही. उद्या सांगू म्हटलं, आणि राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ओल्या हाताने दांडा धरला आणि घागरीसकट आडवी झाली. फार लागलं नाही, पण भ्याली. त्यात भर म्हणजे गल्लीतल्या बाया हसल्या, की वायरमनच्या बायकोलाच करंट लागला. चौथ्या दिवशी तिने ट्रंक उचलली.

"दुनियेच्या घरी बल्ब लावत फिरते अन् याच्या घरचा पंप चावते," ती मला म्हणाली. "चावाचा बंद होईल तवा येईन."

नत्थूजी बायकोचं नाव काढत नसत. मी विचारलं, "गिरजाबाई कधी येणार?" तर म्हणाले, "अर्थिंगचा मुद्दा आहे, वैनी." मीटरपासून नवी तार काढायची, पंपाची सोडवायची, आणि अंगणात खड्डा करून तांब्याची प्लेट पुरायची, असा त्यांचा बेत. पंपाची तार नुसती सोडवली तर घराला अर्थच राहत नाही, म्हणायचे. दाई अंगण खणू देईना. वर्षभर मागे लागले तेव्हा कुठे हो म्हणाली.

भिंतीपासून पाच फूट दूर, आठ फूट खोल. वीतभर मातीखाली सगळा मुरूम. सब्बल, म्हणजे पहार, आपटली की ठिणगी उडायची. ड्यूटीवरून यायचे, चहा प्यायचे आणि खणायला लागायचे. अकरा दिवस लागले. हातांना फोड आले, ते फुटले, त्यावर चिंध्या बांधून खणलं.

प्लेट रायपूरहून आणली. बाराव्या दिवशी ती खड्ड्यात उभी केली आणि नत्थूजी वरून लाकडी कोळसा आणि खडेमीठ टाकायला बसले. तेवढ्यात दाई बाहेर आली. तिने तांबं पाहिलं, कोळसा पाहिला, मीठ पाहिलं.

"का गाड़त हस गा मोर अँगना मा? टोना करत हस का?"

टोना म्हणजे करणी. नत्थूजी तिला गळती आणि ओल समजावू लागले, तशी ती आणखी घाबरली. माती लोट म्हणाली, आत्ताच्या आत्ता. नत्थूजी खड्ड्याच्या काठावर नुसते बसून राहिले. आठ फुटांचा खड्डा बुजवायचा म्हणजे गिरजाबाई कायमची काटोलला.

मी हात पुसत गेले. दाईला तिच्या बोलीत जमेल तसं म्हटलं, "करणी करणारा मीठ दुसऱ्याच्या हातात देतो का? घे, तूच टाक." आणि मिठाची पाटी तिच्या हातात दिली.

तिने विचार केला. मग मीठ टाकलं, वरून स्वतःच्या मनाने हळद आणि चिमूटभर तांदूळही टाकले. नत्थूजी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "वैनी, अर्थिंगले हळद चालते का?" मी म्हटलं, "चालते. गप्प बसा."

खड्डा बुजला, पाणी ओतायचा पाइप तेवढा वर राहिला; नवी तार जोडली, पंपाची सोडवली. पुढे आठ दिवस रोज सकाळी नत्थूजी चपला काढून, पंपाखालच्या चिखलात अनवाणी, दांडा दोन्ही हातांनी धरून उभे राहायचे. एकदा आमच्या ह्यांनी विचारलं, "कावून उभे आहात?" "टेस्टिंग करून राहिलो," म्हणाले.

नवव्या दिवशी पोस्टकार्ड घेऊन माझ्याकडे आले. त्यांचं अक्षर त्यांनाही वाचता येत नसे.

"लिहा वैनी. तांब्याची प्लेट, दोन फूट बाय दोन फूट. खड्डा आठ फूट. कोळसा, मीठ. रोज दोन बादल्या पाणी ओततो, ओल राहाले पायजे."

मी लिहिलं. कार्ड भरत आलं.

"आता तिला ये म्हणा."

"ते यातच आलं न."

"नाही आलं."

त्यांनी दाराची कडी उलट्या हाताने शिवून पाहिली. "मंग लिहा खाली. जागा असन तर."

जागा नव्हती. मी कडेला आडवं लिहिलं, 'ये.'

कार्ड टाकल्यापासून दहाव्या दिवशी गिरजाबाई ट्रंक घेऊन दारात. खोलीत न जाता सरळ पंपावर गेली. बादलीत हात बुडवले, क्षणभर थांबली आणि दांडा धरला. घागर भरली. मग प्लेटवर पाणी ओतायच्या पाइपाचं तोंड जमिनीतून वर आलं होतं, तिथे जाऊन उभी राहिली.

"आठ फूट लिवलं होतं. कोणाकडून खणलं?"

"मीच."

"एकट्यानं?"

"माती नरम होती," नत्थूजी म्हणाले आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

मी तिथेच भांडी घासत होते. घासत राहिले.