एकोणचाळीस लाल ठिपके

स्वतःची ओळख करून देताना भिंगराव खुर्चीवरून उठून उभे राहत. "माझं नुसतं नाव ऐकून गुन्हेगार गाव सोडतात," असं ते सांगत. गल्लीत एकही गुन्हेगार नव्हता, त्यामुळे हा दावा खोडून काढणं कुणालाच जमलं नव्हतं. त्यांची सहायक म्हणजे सख्खी वहिनी. तिचं शिलाईचं दुकान होतं, आणि कपाटामागचा कोपरा हे भाऊजींचं गुप्तहेर कार्यालय.

मंगळवारी वहिनी रडवेल्या चेहऱ्यानं आली.

गल्लीची सुधारणा रहिवाशांनीच ठरवायची, असं ठरलं होतं. सभागृहाच्या भिंतीवर गल्लीचा मोठा नकाशा लावला होता. स्वच्छतागृह हवं तिथं लाल ठिपका चिकटवायचा, बाक हवा तिथं हिरवा. उद्या आराखडा काढणाऱ्या बाई येऊन ठिपके मोजणार होत्या. आणि एकोणचाळीस लाल ठिपके वहिनीच्या दुकानावर होते.

"वीस वर्षं यांच्या नाड्या ओवल्या मी," वहिनी म्हणाली, "आणि यांना माझ्या जागी संडास हवा?"

"ठिपका कुणाचा ते कळलं, की ठपका कुणावर तेही कळेल," भिंगराव गरजले. सभागृहात जाऊन त्यांनी नकाशा हुंगला, एक ठिपका चाटून पाहिला. "हे काम बुटक्या, सूडानं पेटलेल्या, डावखुऱ्या माणसाचं आहे."

"कशावरून?"

"ठिपके खाली आहेत म्हणून बुटका. संडास आहे म्हणून सूड."

"आणि डावखुरा?"

"तपासात एक तरी डावखुरा लागतोच, वहिनी."

गल्लीतला बुटका म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारा. भिंगरावांनी त्याला गाठलं. "काल चार वाजता कुठे होतात?"

"कोणत्या घड्याळाप्रमाणे?" त्यानं विचारलं. भिंगरावांनी संशयितांच्या यादीत त्याच्यासह त्याची सगळी घड्याळं लिहून घेतली.

वहिनीचं मात्र कामात लक्ष लागेना. गिऱ्हाइकाची छाती मोजताना तिला वाटे, हाही त्यांतलाच असेल. अडतीस इंचांचे तिनं त्र्याऐंशी लिहिले.

संध्याकाळी दोघं पुन्हा सभागृहात गेली. पुरावे शोधून भिंगरावांना घाम फुटला होता. "मावशी, जरा पंखा लावा," ते झाडणाऱ्या मावशींना म्हणाले.

पंखा फिरला आणि पाच-सहा लाल ठिपके पटापट खाली पडले. मावशींनी ते निमूटपणे उचलले आणि वहिनीच्या दुकानावर चिकटवून टाकले.

"मावशी! हे काय?"

"लाल ठिपक्यांचा गोंदच वाईट, रोज गळतात. लोकांची मतं केरात कशी टाकू? हात पोचतो तिथं लावते."

वहिनी मटकन खाली बसली आणि हसत सुटली. "माझा पहिल्यापासून पंख्यावरच संशय होता," भिंगराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नकाशा टेबलावर आडवा ठेवून सगळ्यांनी नव्यानं ठिपके लावले. लाल ठिपके पाण्याच्या टाकीमागच्या मोकळ्या जागेवर गेले. वहिनीच्या दुकानासमोर एकेचाळीस हिरवे पडले. तिचे डोळे भरून आले.

"एवढी माया?"

"माया कसली, वहिनी," घड्याळवाला म्हणाला. "तुम्ही रोज 'अर्ध्या तासात देते' म्हणता. उभं राहून पाय दुखतात हो."

वहिनीनं भाऊजींकडे पाहिलं. "तुमचा ठिपका कुठाय?"

भिंगरावांनी त्या हिरव्या घोळक्यात बोट ठेवलं. "माझ्या पँटला तिसरा आठवडा चालू आहे."