येसबाची बाजू

बारावीच्या निकालाचा पेढा कुणी हातावर ठेवला की माणसं तो तोंडात टाकतात आणि मग टक्के विचारतात. आमच्या मजल्यावरचे दिगूकाका पेढा तसाच धरून ठेवायचे आणि समोरच्याला विचारायचे, "येसबावर काय लिहिलंस?" उत्तर मनासारखं आलं तर पेढा पोटात. नाही आलं तर, "घेऊन जा मेल्या. माका डायबेटिस आसा."

येसबा म्हणजे 'उंबरगड' नाटकातलं एक पात्र. तीन अंकी शोकांतिका. हंबीरराव नावाचा सरदार आपल्याच म्हाताऱ्या किल्लेदाराला मारून गड बळकावतो आणि उरलेलं नाटकभर स्वतःशी बोलत बसतो. येसबा हा किल्लेदाराचा इमानी शिलेदार. तो किल्लेदाराच्या मुलाला लपवून घाटाखाली पोचवतो. इकडे हंबीरराव त्याचं घर जाळतो, आत म्हातारी आई आणि लहान मुलगी. शेवटी येसबा परत येऊन हंबीररावाला मारतो. यातला एक प्रवेश बारावीला आहे आणि दरवर्षी एक प्रश्न ठरलेला: 'हंबीररावाच्या तुलनेत येसबाची व्यक्तिरेखा स्पष्ट करा.' गुण चार.

"चार!" काका भडकायचे. "हंबीररावाक आठ नि येसबाक चार? ज्याने खून केला त्याला आठ?"

मी घाटकोपरच्या एका ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवते आणि राहते मुलुंडला, काकांच्या समोरच्या दारात. त्यामुळे अभ्यासक्रम जणू मीच ठरवते अशी त्यांची समजूत होती. काका साकीनाक्याच्या एका कारखान्यात टर्नर होते. तिथल्या कामगारांचं हौशी नाट्यमंडळ होतं आणि त्यात काकांनी वर्षानुवर्षं फक्त येसबा केला. दुसरी भूमिका कधी घेतली नाही.

येसबावरचं त्यांचं उत्तर सात मुद्द्यांचं होतं. स्वतःच्या अक्षरात लिहून त्यांनी त्याच्या झेरॉक्स काढल्या होत्या आणि लिफ्टमध्ये भेटेल त्या विद्यार्थ्याच्या हातात कोंबायचे. मी वरवर हसायचे, पण त्यातले दोन मुद्दे वर्गात बिनदिक्कत वापरायचे. "हंबीरराव स्वतःशी बोलतो, येसबा बोलत नाही. का? ज्याला काम असतं तो स्वतःशी बोलत बसत नाय." आणि, "हंबीररावाला भुतं दिसतात, येसबाला दिसत नाहीत. भुतं दिसायला आधी झोप लागते. येसबा झोपतो खंय?" एका गाइडवाल्या प्रकाशकाला त्यांनी यावर पाच पत्रं पाठवली होती. उत्तर आलं नाही. "हंबीररावाचा माणूस बसलाय तिथे," काका म्हणाले.

हंबीरराव करायचे त्याच कारखान्यातले फोरमन, वसंत खोत. मंडळाचे दिग्दर्शकही तेच. आवाज असा की मागच्या रांगेतलं झोपलेलं पोर उठावं. तलवार लागल्यावर ते चांगली दहा मिनिटं मरत. कोसळत, उठत, खांबाला धरत, पुन्हा दोन वाक्यं बोलत. काका तलवार उगारून तसेच उभे. "हात भरून यायचा गं बाय. एकदा मी हळूच म्हटलं, मर की मेल्या, माझी साडेसहाची बस चुकेल. पहिल्या दोन रांगांना ऐकू गेलं."

हे सांगताना काका एवढे हसायचे की चष्मा काढून पुसावा लागायचा. पण खोतांचं पुढे काय झालं असं विचारलं की म्हणायचे, "आसा. जिवंत आसा." आणि उठायचे.

गेल्या डिसेंबरात मी घरी चार मुलींचा परीक्षेचा सराव घेत होते. काका सवयीप्रमाणे येऊन खुर्चीत बसले. खालच्या मजल्यावरच्या कांबळ्यांची समृद्धी त्यांत होती. हुशार, आणि तोंडाने फटकळ.

"काका," ती म्हणाली, "तुमचे सातही मुद्दे वाचले. भारी आहेत. पण एक राहिलाय ना."

"कुठला?"

"तो घरच्यांना सोडून गेला तो. आई म्हणत होती नको जाऊस, तरी गेला. मालकाशी इमान ठीक आहे, पण घरच्यांशी काय? हंबीररावाने जाळलं बरोबर, पण त्यांना तिथे एकटं ठेवलं कुणी?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता गाइडवाल्यासारखी हीही हंबीररावाचा माणूस ठरणार. पण त्यांनी झेरॉक्सच्या कागदाची नीट घडी घातली, खिशात ठेवली आणि चहा न घेता निघून गेले.

मग आठवडाभर आलेच नाहीत. बेल वाजवावी तर दुपारी दाराला कुलूप. शेवटी एका शनिवारी जिन्यात गाठले. हातात स्टीलचा डबा.

"काका, रागावलात का पोरीवर?"

"पोरीवर कसला राग?" ते म्हणाले. "तुका वेळ आसा? मग चल माझ्याबरोबर."

एलबीएस रोडच्या बसने आम्ही घाटकोपरला उतरलो. एका जुन्या इमारतीत तळमजल्यावरच्या घराचं कुलूप काकांनी स्वतःच्या खिशातल्या किल्लीने उघडलं. आत कॉटवर एक माणूस होता. माणूस म्हणजे चादरीखालची घडी. अर्धं तोंड वाकडं, उजवा हात मेलेला. काकांनी त्याला मानेखाली हात घालून बसवलं, छातीवर टॉवेल टाकला आणि डब्यातली पेज चमच्याने भरवायला लागले.

"ह्यो वश्या," ते मला म्हणाले. "हंबीरराव."

खोतांनी माझ्याकडे बघून काहीतरी म्हटलं. शब्द नव्हतेच, नुसती हवा.

"नमस्कार म्हणतोय. आँ कर रे. नीट गीळ, घाई नाय."

पेज संपायला पाऊण तास लागला. मग काकांनी त्यांचं तोंड पुसलं, चादर बदलली, कुशीवर वळवलं. खोतांचा मुलगा आखातात, सून वांद्र्याला नोकरीला, सकाळी जाते ती संध्याकाळी येते. सकाळी एक बाई येऊन अंघोळ घालून जाते. दुपार काकांची. गेली तीन वर्षं.

परत येताना बस रिकामीच होती. काका खिडकीबाहेर बघत बोलत होते.

"स्पर्धेचा प्रयोग होता, दुपारचा. दुसऱ्या अंकानंतर थिएटरच्या ऑफिसात फोन आला, दिगंबरच्या बायकोला हॉस्पिटलात नेलंय, ताबडतोब पाठवा. शिपायाने चिठ्ठी वश्याच्या हातात दिली. त्याने शेल्यात खोचली. तिसरा अंक झाला, पडदा पडला, टाळ्या झाल्या, मग मला दिली. मी पोचलो तेव्हा तोंडावर चादर घातलेली. नर्स म्हणाली, तासभर शुद्धीत होत्या, दाराकडे बघत होत्या."

मी दोघांची तिकिटं काढली.

"नंतर एक प्रयोग केला मी. वश्यानेच गळ घातली, शेवटचा म्हणून. तलवार लाकडाची होती याचं त्या दिवशी पहिल्यांदा वाईट वाटलं. नेहमी दहा मिनिटं मरणारा माणूस, माझ्याकडे बघून त्याने डोळे मिटले आणि तलवार लागायच्या आधीच खाली बसला. एक वाक्य बोलला नाय. मग मी वीस-बावीस वर्षं त्याचं तोंड पाह्यलं नाय."

"मग आता?"

"कळलं की लकवा झालाय. बघायला गेलो, कसा मरतोय ते. खरं सांगतो. दार उघडं होतं, घरात कोण नाय, आणि हा ओल्या चादरीत पडलेला. मला बघून रडायला लागला. आता ओल्यात पडलेल्या माणसाला काय बोलणार? आधी चादर बदलली. म्हटलं बोलायचं ते उद्या बोलू. ते उद्या अजून आलं नाय."

"माफ केलंत?"

"छ्या!" काका जवळजवळ ओरडले. कंडक्टरने वळून बघितलं. मग आवाज एकदम खाली आला. "ती पोरगी बोलली ना, ते बरोबर आहे. वश्याने चिठ्ठी दाबली तिसऱ्या अंकाला. पण त्या दिवशी सकाळी आमची ही म्हणाली होती, छातीत कसंसंच होतंय, आज जाऊ नका. मी म्हटलं, मंडळाला शब्द दिलाय. नऊ वाजता घरातून मी निघालो, वश्या नाय. एवढी वर्षं सगळं त्याच्याच डोक्यावर घातलं. त्याच्यावर राग धरला की माझ्याकडे बघायला लागायचं नाय."

मुलुंड आलं. आम्ही उतरलो. रस्ता ओलांडताना त्यांनी माझा हात धरला, तो पलीकडे गेल्यावरही थोडा वेळ सोडला नाही.

फेब्रुवारीत खोत गेले. दुपारीच गेले, काका जवळ असताना. मुलाला रजा मिळाली नाही. सुनेला स्मशानाच्या ऑफिसात उभं राहवेना, म्हणून ती बाहेर बाकावर बसली आणि काका खिडकीपाशी उभे राहिले. मी त्यांच्या मागे होते. आतल्या कारकुनाने नाव, वय, पत्ता लिहून घेतला.

"तुम्ही कोण मयताचे? नातं सांगा."

कारकुनाने पुन्हा विचारलं. मागे दुसरे लोक ताटकळत होते. काकांनी जन्मभर पाठ केलेल्या भाषणांत या प्रश्नाचं उत्तर कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

"आजोबा, लाइन आहे. भाऊ लिहू?"

काकांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. कारकुनाने 'भाऊ' लिहिलं, कागद पुढे सरकवला. काकांनी सही केली. टर्नरची सही, एकेक अक्षर कोरल्यासारखी.

बाहेर ऊन चढलं होतं. काका फाटकापाशी आले आणि उभेच राहिले. उजवीकडे स्टेशन, डावीकडे बस. त्यांनी दोन्हीकडे बघितलं. मग माझ्याकडे वळून, वर्गात एखादं पोर विचारतं तसं त्यांनी विचारलं, "बाय, उद्यापासून दुपारी मी खंय जाऊ?"