फुकटचा रोल

जाहिरात करण्यासाठी जिला पैसे देऊन बोलावलं होतं, तिच्याच पुढ्यात लाइल कुचेराने दालचिनी रोलचं बिल ठेवलं. साडेचार डॉलर, कर वेगळा. आणि हा सगळा प्रकार ब्रिन ओल्टमन्सच्या मोबाइलवरून थेट नेब्रास्का राज्यभर दिसत होता.

लाइलच्या मनात काही वाकडं नव्हतं. हात आपला सवयीने चालला. विद्यापीठाशेजारचं हे खानावळवजा दुकान सासऱ्यांकडून त्याच्याकडे आलं, तेव्हापासून त्याने एकाही खेळाडूला पाण्यापलीकडे काही फुकट दिलं नव्हतं. ब्रिन तर विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल संघाची लाडकी खेळाडू. हमरस्त्यावर चकचकीत कॉफीवाला आल्यापासून इथल्या खुर्च्या ओस पडल्या होत्या आणि ब्रिनच्या जाहिरातीनेही गिऱ्हाईक आलं नाही, तर दुकान विकायचं असं नवराबायकोत ठरलं होतं. ब्रिनशी करार अर्थात बायकोने, आर्लिसने केला होता. कॉलेजातल्या पोरांनी जाहिरातीचे पैसे घ्यायचे, हे लाइलच्या पचनी पडत नव्हतं. सही करतानाही त्याने तोंड दुसरीकडे फिरवलं होतं.

"मिस्टर कुचेरा, हे काय?" ब्रिनने हसत विचारलं.

"बिल."

"पण तुम्हीच बोलावलंत ना मला?"

"बोलावलं म्हणून काय झालं? खेळाडू आहेस ना तू?"

"अहो, मी पाकीटच आणलं नाहीये."

"मग पंचाईत आहे. उधारी आम्ही देत नाही. उधारी म्हणजे फुकटाची धाकटी बहीण!"

आर्लिस हातातल्या डावासकट स्वयंपाकघरातून धावत आली. "लाइल! अरे, रोल खाण्याचे आपण तिला पैसे देतोय!"

"ते तू देतेयस. मी रोल विकतोय."

ब्रिनला हसू आवरेना. तिने मोबाइल बंद केला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. संध्याकाळपर्यंत लाइल राज्यातला सर्वांत चिक्कू माणूस म्हणून गाजला. भाचीने थेट ओमाहाहून फोन करून त्याची खरडपट्टी काढली. आर्लिसने डोक्याला हात लावला. "संपलं सगळं. सोमवारी दलालाला बोलावते."

पण दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी दार उघडतो तो बाहेर रांग. लोक चिक्कू माणूस बघायला आले होते. आलेच आहोत तर म्हणून राजमा-खिम्याची तिखट चिली मागवत होते, तिच्यासोबत इथल्या रिवाजाने रोल मागवत होते, आणि वर हट्ट असा, की बिल लाइलनेच आणून द्यायचं, तेही कपाळाला आठ्या घालून. आठ्यांसाठी त्याला वेगळे कष्ट पडत नव्हते. हे सगळं ठीक होतं, पण मग एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने गल्ल्यापाशी पाच डॉलर ठेवले.

"हे त्या पोरीच्या रोलचे."

त्याच्या मागच्याने दहा ठेवले. "माझेही घे. तिला आणखी एक खाऊ घाल."

नोटांचा ढीग साचायला लागला, तसा लाइलच्या डोळ्यांपुढे कॉलेजच्या खेळांचा नियम उभा राहिला. खेळाडूच्या खाण्याचे पैसे बाहेरच्या माणसाने द्यायचे! पोरगी संघाबाहेर जायची! त्याने दोन्ही हातांनी नोटा परत वाटायला सुरुवात केली. कुणी घेईना. शेवटी त्याने गल्ल्यामागचा फोन उचलला आणि विद्यापीठाच्या नियमवाल्या कार्यालयाला लावला. एका तरुण मुलाने तो घेतला.

"एक गुन्हा घडलाय," लाइल कुजबुजला. "पोरीचा काही दोष नाही. रोलचा मामला आहे."

मुलाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "सर, तिचा रोल साडेचार डॉलरचा, आणि करार हजारांचा. खाऊ द्या तिला पोटभर. आता चालतं हे."

"चालतं?"

"काही वर्षं झाली की."

दुकानातला गलबला कधी थांबला, लाइलला कळलं नाही.

"शहात्तर साली नव्हतं चालत," तो म्हणाला. "मी फुटबॉल संघात होतो. आर्लिसच्या वडिलांनी मला एक रोल दिला. नुसता रोल, चिलीसुद्धा नाही. कुणीतरी कोचच्या कानावर घातलं. वर्षाचा मोठा सामना, आणि मी बाकावर. माझे वडील मक्याची कापणी टाकून आले होते, पहिल्यांदाच. पुढच्या वसंतात गेले ते. मला खेळताना त्यांनी पाहिलंच नाही."

"वाईट वाटलं ऐकून, सर."

"नाही, मी काय म्हणतो, आता नियम बदललाय, तर त्या सामन्याचं काही करता येतं का?"

तो मुलगा अगदी हळू म्हणाला, "नाही सर. नाही करता येत."

"हो, मलाही तसंच वाटलं होतं. आपलं विचारून ठेवलं."

फोन ठेवून तो वळला, तर समोर ब्रिन. पाकीट घेऊन बिल चुकवायला आली होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने कालच्या आणि आजच्या, अशा दोन रोलचे पैसे मोजले आणि आजचा गरम रोल त्याच्याकडे सरकवला.

"हा तुमचा, मिस्टर कुचेरा. माझ्याकडून. फुकट."

लाइलने रोलकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, मग खिडक्यांकडे. एकाएकी त्याने बशी उचलली आणि झटक्यात कोठीत शिरून आतून कडी लावली.

आर्लिसने दार ठोठावलं. "अरे, कोचला जाऊन वीस वर्षं झाली, लाइल. बाहेर बसून खा ना नीट."

आतून भरल्या तोंडाने प्रश्न आला, "कुणाला सांगितलं नाहीस ना?"

आर्लिसने तोंड उघडायच्या आत सगळं दुकान एका सुरात ओरडलं, "नाही, लाइल!"