स्वित्झर्लंडातले अपडाऊन

"मन्मथअप्पा पार स्वित्झर्लंडला गेला, हजारोंचा पास काढला, अन् तिथंबी नांदेड-परभणीवानी अपडाऊनच करून आला."

हे वाक्य नांदेडला स्टेशनासमोरच्या चहाच्या टपरीवर सांगितले जाते. लातूरला पोहोचेपर्यंत त्याला शेपूट फुटते: अप्पा भलत्याच गाडीत बसले होते आणि आठ दिवस त्यांना ते समजलेच नाही. उदगीरच्या आवृत्तीत तर तिकीट तपासनीस त्यांना हाताला धरून घरी आणून सोडतो. सांगणारे बहुतेक माझ्या परिचयाचे आहेत. त्यांतले दोघे माझे विद्यार्थी होते, आणि ऐकलेले नीट उतरवून न घेण्याची खोड त्यांना तेव्हापासूनची आहे. मन्मथअप्पा माझे व्याही, आमच्या बोलीत इवाई. माझी शैलजा त्यांच्या संगमेशला दिली आहे; दोघे स्वित्झर्लंडातच असतात. ते आठ दिवस मी त्याच घरात राहत होतो. तेव्हा या विषयावर बोलण्याचा अधिकार, नम्रपणे सांगतो, फक्त मला आहे.

अप्पांनी सव्वीस वर्षे नांदेडहून परभणीच्या एका कचेरीत अपडाऊन केले. इतक्या वर्षांत खिशातला मासिक पास ते एकदाही घरी विसरले नाहीत. निवृत्तीनंतर त्यांची ही विद्या वाया जाईल असे वाटले होते. पण आता आमच्याकडे दर चार घरांआड एक मूल परदेशात असते, आणि भेटीला निघालेले आईबाप आधी अप्पांकडे येतात. प्रश्न एकच: तिथला रेल्वेचा पास वसूल होईल का?

देवणीचे एक डॉक्टर पत्नीसह जपानला निघाले होते. मुलाने दर आणि अंतरे यांचा छापील तक्ता पाठवला होता. अप्पांनी तो न वाचताच टेबलावर पालथा घातला.

"दुपारचं झोपता का?"

"अर्धा तास पडतो."

"पडता का झोपता?"

डॉक्टरांनी पत्नीकडे पाहिले. "दोन तास घोरतात," बाई म्हणाल्या.

"ताई, तुमची पूजा किती वाजता उरकते?"

"नऊ तरी होतात."

"न्हाई वसूल व्हायचा. सुटं तिकीट काढा."

"अप्पा, पूजेचा अन् रेल्वेचा काय संबंध?"

"डॉक्टरसाहेब, पास गाडीत बसवतो. खाटेवरून उठवत न्हाई."

डॉक्टरांनी रागाने पास घेतलाच. परत आल्यावर त्यांनी अप्पांकडे जपानी मिठाईचा डबा धाडला. पासाबद्दल अवाक्षर काढले नाही.

स्वित्झर्लंडला निघण्याआधी माझाही निकाल त्यांनी असाच लावला होता. "इवाई, पहिला बरा चहा मिळाला की तुम्ही तिथंच मुक्काम ठोकता. तुमच्याच्यानं वसूल व्हायचा न्हाई." मी पास घेतला. तो वसूल झाला नाही. परंतु त्या आठवड्यात तिकडे पाऊस होता, हे मी येथे नोंदवून ठेवतो.

स्वतःविषयी तर त्यांनी नांदेडहून निघतानाच सांगून टाकले होते, "मला पास लागत न्हाई. मी फिरायला न्हाई, पोराला बघायला चाललो."

पण तिथे पोहोचल्यावर पोरगा दिसेना. संगमेशची कचेरी गाडीने तासाभरावर. सकाळी सातला जाई, संध्याकाळी थकून येई, जेवता जेवता फोन वाजे. दोन दिवस अप्पांनी हे पाहिले. तिसऱ्या दिवशी ते एकटेच स्टेशनावर गेले आणि देशभर चालणारा, महिन्यातले हवे ते आठ दिवस वापरायचा पर्यटकांसाठीचा पास घेऊन आले. चौथ्या दिवशी सकाळी सातला टोपी घालून, भाकरीचा डबा घेऊन दारात उभे.

"अप्पा, कुठं निघालात?" संगमेश म्हणाला.

"पास काढलाय. वसूल करायला पायजे का न्हाई?"

"मग डोंगराकडची गाडी दुसऱ्या फलाटावरून सुटते."

"आधी तुझ्या गाडीनं येतो. रूळ कसे हायेत ते तर बघू दे."

रूळ त्यांनी आठ दिवस पाहिले. सकाळी मुलाला पोहोचवायचे, एकटे परतायचे, संध्याकाळी त्याला आणायला पुन्हा जायचे. माझ्या लातूरच्या प्रतिपक्षात एक निवृत्त हिशेबनीस आहेत. त्यांचे म्हणणे असे की, तेवढ्याच मार्गाचा साधा पास निम्म्यात मिळाला असता. हिशेब बरोबर आहे. पण साधा पास काढला असता तर "तुझ्याबरोबर येतो" असे तोंडाने म्हणावे लागले असते, आणि संगमेशने "अप्पा, उगाच दगदग कशाला" म्हणून त्यांना सोफ्यावर बसवले असते. पर्यटकाच्या पासाबरोबर सबब मिळते. ती त्यांना हवी होती.

संगमेश पहिलीतून दहावीत गेला ती सगळी वर्षे अप्पा अंधारातच घर सोडत आणि रखडलेल्या गाडीने परतत. पोरगा दोन्ही वेळा झोपलेला. एका रविवारी त्याने आईला विचारले होते, "हे आज घरी कसे?" ही गोष्ट अप्पा हसून सांगतात, आणि सांगून झाली की लगेच दुसरा विषय काढतात.

एका संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर गेलो. परतीची गाडी संगमेशच्या कचेरीजवळच्या स्टेशनातूनच सुटे, त्यामुळे आम्ही आधीच जाऊन बसलो. रुमालाला आमच्याकडे दस्ती म्हणतात. परभणीला गाडी थांबायच्या आत खिडकीतून दस्ती टाकून जागा धरण्याचा रिवाज आहे, आणि दस्ती पडलेल्या जागेवर कोणी बसत नाही. येथे डब्यात आमच्याखेरीज एक बाई आणि तिचे कुत्रे होते. तरी अप्पांनी खिशातून निळ्या चौकटीची दस्ती काढून शेजारच्या जागेवर नीट पसरली.

"अप्पा, सगळा डबा मोकळा आहे."

"म्हणून तर टाकली. पोरगं दुसरीकडं कुठंबी बसंल."

संगमेश आला. दस्ती उचलली, घडी करून बापाच्या हातात दिली, आणि बसला. मी पाठीमागच्या बाकावर होतो. मला सगळे ऐकू येत होते. बाहेरून तळे गेले, डोंगर गेले. बापलेक तासभर नांदेड-परभणीच्या वाटेवरच्या पूर्णा जंक्शनातल्या भज्यांविषयी बोलत होते.

परतल्यावर टपरीवर कोणीतरी विचारले, "मग अप्पा, वसूल झाला का पास?"

"न्हाई," अप्पा म्हणाले.

नांदेड, लातूर आणि उदगीर या तिन्ही आवृत्त्या त्या एका शब्दावर उभ्या आहेत. मी स्वतः अप्पांच्या उत्तराशीही सहमत नाही, आणि त्याला कारण आहे. सव्वीस वर्षांत काही न विसरलेला हा माणूस निघताना आपली दस्ती तिकडेच विसरला. शैलजाने परवा फोनवर सांगितले: संगमेश संध्याकाळच्या गाडीत चढला की आपल्या शेजारच्या जागेवर ती दस्ती टाकतो.